सांधा

कोयनेच्या सांडव्यावर माझी बदली झाली ती २००४च्या पावसाळ्यानंतर. त्याआधीची अकरा वर्षं मी कालव्यांवर काढली होती. कालव्यावर अस्तर उखडलं की ते फोडून काढायचं, मुरूम दाबायचा आणि नवं ओतायचं, असा रिवाज. इथे पहिल्याच दिवशी आमच्या उपअभियंता साहेबांनी मला सांडव्याच्या पायथ्याशी नेलं, मान वर करून बघायला लावलं आणि म्हणाले, "यातलं काही काढायचं नाही. याच्या पाठीशी नवं काँक्रीट उभं करायचंय. उद्या भूकंप आला तर दोघांनी एकच असल्यासारखं हललं पाहिजे. बाकी सगळं ड्रॉइंगमध्ये आहे."

ड्रॉइंगमध्ये खरोखरच सगळं होतं. काँक्रीटची प्रत, सळ्यांचा व्यास, भोकांची खोली, थरांची उंची. फक्त "एकच असल्यासारखं" हे कसं साधायचं ते ड्रॉइंगमध्ये नव्हतं. ते शिकण्यात माझे दोन हंगाम गेले.

हंगाम म्हणजे पावसाळे वगळून उरलेला काळ. कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. जूनमध्ये ढग एकदा कुंभार्ली घाटावरून आत आले की सप्टेंबरपर्यंत सांडव्याच्या अंगावर माणूस उभा राहू शकत नाही. सहा वक्र दरवाजे उघडले तर तिथून पाणीच धावणार. त्यामुळे सगळं काम दिवाळीनंतर सुरू होऊन मे संपता संपता आवरायचं.

कोयना धरण ८०७ मीटर लांब आणि पायापासून १०३ मीटर उंच आहे. बांधलं ते रबल काँक्रीटमध्ये, म्हणजे काँक्रीटच्या थरात मोठाले दगड बसवून. अभियांत्रिकीत याला भारस्थायी धरण म्हणतात. एका बाजूने तळ्याचा रेटा येतो आणि धरण निव्वळ आपल्या वजनाने त्याला अडवून उभं राहतं. यात ताण सोसायचा प्रसंग जवळजवळ येतच नाही, सगळा कारभार दाबाचा. काँक्रीटला दाब मानवतो. ताणाच्या बाबतीत मात्र ते फार दुबळं, दाबाच्या मानाने जेमतेम दहाव्या हिश्शाचं. धरण शांत उभं असतं तोवर हा दुबळेपणा कुणाला दिसत नाही.

तो दिसला ११ डिसेंबर १९६७ला, पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी. कोयनानगरमधल्या कुठल्याही पोक्त माणसाला ही वेळ तोंडपाठ असते, घड्याळात बघून सांगितल्यासारखी. ६.३ तीव्रतेचा तो भूकंप. दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. सुमारे १८० माणसं गेली. धरणाच्या पोटातल्या गॅलरीत, १-ए क्रमांकाच्या मोनोलिथमध्ये, म्हणजे धरणाच्या एका उभ्या खंडात, एक त्वरणमापक बसवलेला होता. त्याने नदीच्या प्रवाहाच्या दिशेने ०.४९ जी आणि धरणाच्या लांबीच्या दिशेने ०.६३ जी इतकं त्वरण नोंदवलं. धरणाचा हिशेब केला होता तो ०.०५ जी धरून. म्हणजे धरणाच्या वजनाच्या विसाव्या भागाइतकं आडवं बळ गृहीत धरलं होतं आणि प्रत्यक्षात झटका आला तो जवळजवळ निम्म्या वजनाचा. हे दोन आकडे असे शेजारी ठेवणं पूर्ण बरोबर नाही, हे मला ठाऊक आहे. पहिला आकडा सतत लागणाऱ्या स्थिर बळाचा आहे, दुसरा निमिषभराच्या टोकाचा. तरीही ते शेजारी ठेवल्याशिवाय मला राहवत नाही. कारण एवढं होऊनही धरण उभं राहिलं. ज्यांनी ते बांधलं, त्यांच्याविषयी माझ्या मनात जो आदर आहे तो या दोन आकड्यांमधून आलेला आहे.

उभं राहिलं, पण तडकलं. सांडव्याच्या दोन्ही अंगांच्या उंच मोनोलिथना माथ्यापासून साधारण ३६ मीटर खाली आडव्या भेगा पडल्या, तळ्याकडच्या बाजूनेही आणि खालच्या बाजूनेही. नेमक्या तिथेच का, याचं उत्तर धरणाच्या छेदात आहे. पायथ्यापासून वर येणारा खालच्या अंगाचा उतार त्या ठिकाणी एकदम बदलतो आणि तिथून वर धरण जवळजवळ सरळ उठतं. बांधकाम चालू असतानाच धरण पूर्ण उंचीला न्यायचा निर्णय झाला, त्यातून हा आकार आला. माणसाच्या मानेसारखी ती जागा झाली. खाली रुंद खांदे, वर जड डोकं. पायाला हिसका बसला की डोकं पुढेमागे झुलतं आणि सगळा ताण मानेत गोळा होतो. आज जगात कुठेही धरणाच्या भूकंपसुरक्षेचं गणित शिकवायचं असेल, तर उदाहरण म्हणून कोयनेचा हाच छेद आणि हीच नोंद बऱ्याचदा घेतात. गावच्या नावाची अशी ख्याती कुणाला हवी असेल असं नाही. पण त्या नोंदीमुळे पुढची किती धरणं नीट विचार करून बांधली गेली, हेही खरं.

तेव्हा जे केलं ते टप्प्याटप्प्याने. भेगांमध्ये इपॉक्सी दाबून भरलं. माथ्यावरून भोकं पाडून, भेगेच्या पार खाली, पोलादी दोर ताणून बसवले, म्हणजे डोकं खांद्याशी जखडून ठेवल्यासारखं झालं. धरणाच्या पोटातल्या पाण्याचा दाब निघून जावा म्हणून आणखी भोकं घेतली. आणि मग कायमचा इलाज म्हणून खालच्या अंगाला काँक्रीटचे भक्कम आधार, बट्रेस, उभारले. ते काम १९७३मध्ये संपलं. आज धरणाकडे खालून पाहिलं की सांडव्याच्या दोन्ही बाजूंना बरगड्यांसारखे दिसतात ते हेच. सांडवा मात्र तेव्हा तसाच ठेवला होता. त्याला तशी मान नाही, माथ्यावर तसं जड डोकं नाही, त्यामुळे त्याने तो भूकंप बराच निभावून नेला होता. पण पुढच्या काळात हिशेबाच्या पद्धती सुधारल्या, इथला भूकंप काय करू शकतो याची समज वाढली आणि सांडव्यालाही पाठबळ द्यायचं ठरलं.

लोक मला विचारतात, नवं काँक्रीट मागेच का घातलं, पुढून का नाही? पुढे तळं आहे. तळं रिकामं करता येत नाही. पोफळीच्या वीजगृहाचं पाणी त्यातून जातं, कऱ्हाडच्या प्रीतिसंगमापासून खाली सांगलीपर्यंतच्या शेतीची आणि नळांची मदार त्यावर आहे. मी सांगलीकडचा. लहानपणी नदीला उन्हाळ्यात पाणी सोडलं की आमच्या मळ्यात मोटारी चालू व्हायच्या. ते पाणी ज्या भिंतीमागून यायचं, ती भिंत मी चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा हाताने चाचपली.

चाचपली हे शब्दशः खरं आहे. माझ्याकडे गुणनियंत्रणाचं काम होतं आणि पहिले अडीच महिने मी काँक्रीट ओतताना जवळजवळ पाहिलंच नाही. जुना पृष्ठभाग साफ करणं हेच काम. चाळीस वर्षांच्या काँक्रीटवर शेवाळ होतं, चुन्याचे पांढरे ओघळ होते आणि या सगळ्याच्या खाली एक पातळ, मऊसर पापुद्रा होता. काँक्रीट ओतल्यावर बारीक सिमेंट आणि पाणी वर येऊन जी साय धरते, तो. आम्ही त्याला सायच म्हणायचो. साय राहिली तर नवं काँक्रीट जुन्याला चिकटत नाही, सायीला चिकटतं. आणि साय कुणालाच घट्ट धरून नसते. ती खरवडून आतली खडी उघडी पडेपर्यंत टाकायची.

यंत्राने भराभर उडवून टाकावं असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण जड ब्रेकर लावला की वरचं उडतं आणि आतल्या चांगल्या काँक्रीटला केसासारख्या चिरा जातात. डोळ्यांना पृष्ठभाग झकास खडबडीत दिसतो आणि त्याच्या आत एक इंचावर आपणच नवा दुबळा थर तयार करून ठेवलेला असतो. म्हणून शेवटचा हात हलक्या हॅमरचा आणि काही ठिकाणी छिन्नीचा. त्यानंतर जोराच्या पाण्याचा फवारा. त्यानंतर ब्रश आणि फडकी घेऊन बायकांची टोळी.

त्या टोळीच्या मुकादम एक मावशी होत्या. सगळे त्यांना मावशीच म्हणत, मीही. खोऱ्यातल्याच. त्यांच्या आईचं माहेर शिवसागराच्या, म्हणजे धरणाच्या तळ्याच्या, पाण्याखाली गेलेलं. तिकडची माणसं पुनर्वसनात लांब लांब पांगली. सदुसष्ट साली त्या चार वर्षांच्या होत्या. मी एकदा भूकंपाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "मला काय बी आठवत न्हाई सायेब. आईनं उचलून भायेर टाकलं एवढंच आई सांगायची." त्यापुढे त्या विषयावर त्या कधी बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

पृष्ठभाग ओतायला मोकळा करण्याआधी मी एक छापील तक्ता भरायचो. साय काढली का, सैल तुकडे नाहीत ना, तेलाचे डाग नाहीत ना, फवारा मारला का. एका सकाळी मी सगळ्या रकान्यांवर खुणा करून सही करणार, तेवढ्यात मावशींनी भिंतीवर तळहात फिरवला आणि म्हणाल्या, "हितं अजून बुळबुळीत लागतंय." मला काही दिसेना. मी हात फिरवला, मला काही लागेनाही. त्यांनी माझा हात मनगटाला धरून दोन फूट डावीकडे नेला आणि मग परत त्या जागी आणला. तेव्हा फरक कळला. डावीकडे खडीचे दात हाताला बोचत होते, इथे बोटं किंचित सरकत होती. दीड हात लांबीचा पट्टा होता. फवाऱ्याचं पाणी वरून वाहत येताना सोबत आणलेला चिखल तिथे पसरून वाळला होता. पुन्हा धुतला. त्या दिवसापासून तक्त्यात एक रकाना मी हाताने वाढवला: 'हात फिरवून पाहिले.' माझ्यामागे आलेल्या मुलांनी तो चालू ठेवला होता, असं पुढे कळलं. मला त्याचा अभिमान आहे.

मात्र स्वच्छ म्हणजे तयार, असा माझा समज होता, आणि तो मोडला एका चाचणीच्या ठोकळ्याने. सांडव्यावर ओतायला सुरुवात करण्याआधी बाजूच्या मोकळ्या जागेत आम्ही जुन्या काँक्रीटचे ठोकळे घेऊन त्यांना नवं काँक्रीट जोडून बघत होतो. त्यातल्या एका ठोकळ्याची जबाबदारी सर्वस्वी माझी होती. मी तो इतका घासून घेतला की मावशींनाही बोट ठेवायला जागा नव्हती. रात्रभर कोरडा राहू दिला, सकाळी हवेने फुंकून घेतला आणि नवं काँक्रीट ओतलं. अठ्ठावीस दिवसांनी त्यातून कोर काढला, म्हणजे पोकळ नळीच्या हिरेजडित बिटाने आरपार दंडगोल कापून घेतला. बाहेर आला तो दोन तुकड्यांत. सांध्यावर सुरीने कापल्यासारखा सुटलेला.

कारण साधं होतं. जुनं काँक्रीट कोरडं असलं की ते तहानलेलं असतं. नव्या काँक्रीटमधलं सांध्यालगतचं पाणी ते शोषून घेतं, आणि सिमेंटला पक्कं व्हायला तेच पाणी हवं असतं. सांध्यालगत कच्ची भुकटी उरते. दुसरीकडे, पृष्ठभागावर पाणी साचलेलं असलं तर तिथलं मिश्रण पातळ होऊन तेही दुबळं पडतं. म्हणून जुनं काँक्रीट आतून पाण्याने तृप्त हवं आणि वरून कोरडं. त्यासाठी चोवीस तास आणि जमेल तर जास्त भिजवत ठेवायचं आणि ओतण्याच्या थोडं आधी वरचं पाणी टिपून घ्यायचं. पुस्तकात हे एका ओळीत असतं. मी ती ओळ परीक्षेत लिहिलीही होती. तो दुभंगलेला कोर मी माझ्या टेबलावर ठेवून घेतला आणि बदली होईपर्यंत तो तिथेच होता.

सळ्यांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यांना लोक उगाच फार महत्त्व देतात. जुन्या अंगात भोकं पाडून, त्यात ग्राऊट भरून सळ्या रोवतात. त्यांचं दुसरं टोक नव्या काँक्रीटमध्ये जातं. त्या टाक्यांसारख्या असतात. सांधा उघडू लागला तर धरून ठेवतात, पण सांध्याचं मुख्य काम पृष्ठभागाचं. भोकातली धूळ नीट फुंकली नाही तर सळई ग्राऊटला घट्ट आणि ग्राऊट धुळीला घट्ट. म्हणून दर थोड्या सळ्यांमागे एक जॅक लावून ओढून पाहायची.

खरी झुंज उष्णतेशी होती. सिमेंट आणि पाणी एकत्र आलं की ऊब तयार होते. स्लॅबमध्ये ती निघून जाते, पण कित्येक मीटर जाडीच्या काँक्रीटमध्ये आतच कोंडते. काँक्रीट गरम असताना फुगलेलं घट्ट होतं आणि पुढे महिनोन्महिने हळूहळू निवत आकसत जातं. जुनं काँक्रीट चाळीस वर्षांपूर्वीच निवून बसलेलं, ते काही हलत नाही. मग नवं एक तर स्वतः तडकतं, नाही तर जुन्यापासून सुटून मागे सरकतं. भूकंप यायच्या आधीच सांधा उघडा. याला मुख्य उपाय म्हणजे, ओततानाच काँक्रीट जितकं थंड तितकं बरं. खडीवर सावली आणि गार पाणी, मिश्रणात पाण्याच्या बरोबरीने बर्फ, आणि ओतायचं शक्यतो रात्री. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी तिथल्या पोलादी पाट्यांना हात लावता यायचा नाही. अंधार पडला की घाटाकडून वारा सुटायचा आणि आम्ही कामाला लागायचो. प्रत्येक गाडी आली की आधी थर्मामीटर खुपसायचा. आकडा वर गेलेला दिसला तर गाडी परत. पहाटे दोनला, भरलेली गाडी परत पाठवताना ड्रायव्हर ज्या नजरेने बघतो ती नजर सोसायला मला आठवडाभर लागला. नंतर तेच ड्रायव्हर वाटेत ड्रमला ओली पोती गुंडाळून यायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं.

थर दीड मीटरचे. एक ओतला की पुढचा ओतायला काही दिवस थांबायचं. नव्या कामाचे उभे जोड जुन्या मोनोलिथच्या जोडांच्या बरोबर रेषेत ठेवायचे, कारण धरण हा एकसंध दगड नाही. शेजारशेजारचे मोनोलिथ आपापले थोडे हलतात. त्यांच्या जोडावर नवं काँक्रीट सलग टाकलं तर ते तिथेच फाटणार. जुन्या-नव्याच्या सांध्यात पाणी कोंडलं तर ते पाचरीसारखं काम करतं, म्हणून त्याला बाहेर पडायला वाटा ठेवायच्या. आणि वर पुन्हा सांडव्याच्या पृष्ठभागाचा बाक. त्या पाठीवरून पुराचं पाणी प्रचंड वेगाने उतरणार, तिथे बोटभर उंचवटाही चालत नाही.

उन्हाळ्यातच ओतायचं याला पावसापलीकडे आणखी एक कारण होतं आणि ते मला या सगळ्या कामात सर्वांत सुंदर वाटतं. नवं काँक्रीट घातलं त्या घडीला त्याच्यावर पाण्याचा काहीच भार नसतो. तळ्यात असलेल्या पाण्याचा रेटा जुन्याने आधीच पेललेला असतो आणि तो आता कुणाला वाटून देता येत नाही. वाटून घेता येतो तो फक्त यानंतर येणारा भार. म्हणून तळं खाली गेलेलं असताना नवं जोडायचं. पुढे पावसाळ्यात पाणी चढू लागलं की तो वाढीव रेटा दोघं मिळून घेतात. कोयनेवर पाण्याची पातळी आजही फुटांत बोलतात, भरलेलं तळं म्हणजे २१६३ फूट. ती पातळी रोज सकाळी फळ्यावर लिहिली जायची आणि ती उतरताना बघून मला जो आनंद व्हायचा, तो सांगलीच्या माझ्या घरच्यांना समजणं शक्य नव्हतं. त्यांना पाणी भरलेलंच हवं असायचं.

१४ मार्च २००५. दुपारची वेळ. मी पायथ्याशी होतो. आधी आवाज आला, जमिनीच्या आतून, लांबवर बैलगाड्यांची रांग खडकावरून जावी तसा. खोऱ्यातल्या लोकांना तो आवाज ओळखीचा आहे. माझ्या शेजारचा सुतार आवाजाबरोबरच उभा राहिला, मी धक्का बसल्यावर. परांचीच्या पाइपांनी एकमेकांवर आपटून एकच खणखणाट केला, चिपिंगची भुकटी सगळ्या भिंतीवरून एकदम खाली आली आणि क्षणभर सांडवाच धूसर झाला. काही सेकंदांचा खेळ. पाचपेक्षा थोड्या जास्त तीव्रतेचा तो धक्का होता, हे नंतर कळलं. सगळे मोकळ्यावर आले. मावशी आपल्या बायका मोजत होत्या, एक कमी भरत होती, पुन्हा मोजत होत्या. कमी भरणारी बाई पाण्याच्या टाकीपाशी सापडली. कुणालाही काही झालं नव्हतं.

मग मी आणि माझा एक सहकारी गॅलरीत उतरलो. धरणाच्या पोटातली ती अरुंद वाट, भिंतीतून थेंब थेंब ठिबकणारं पाणी, कडेच्या गटारातून वाहणारा झिरपा, ओळीने दिवे. माझ्या डोक्यात १९६७ होतं. झिरपा मोजायच्या खाचेपाशी वाकून पट्टी वाचली, सकाळच्या नोंदीशी ताडली. काहीच फरक नव्हता. माझ्या सहकाऱ्याने पुन्हा वाचायला लावली. पुन्हा वाचली. तोच आकडा.

पण माझा जीव दुसऱ्याच ठिकाणी अडकला होता. आदल्या रात्री एक थर ओतला होता. काँक्रीट अगदी ओलं असताना हललं तर बिघडत नाही, आपणच त्यात व्हायब्रेटर घालतो. पूर्ण पक्कं झालं की त्याचं ते बघून घेतं. मधली वेळ वाईट. घट्ट होऊन बसलंय पण बळ आलेलं नाही, अशा अवस्थेत जुन्याने आणि नव्याने वेगवेगळे हिसके खाल्ले तर सांधा जागच्या जागी सुटेल. मी हातोडी घेऊन त्या थरावर चढलो आणि सांध्याच्या रेषेने टकटक करत गेलो. भरीव असेल तिथे टणक आवाज येतो, पोकळ असेल तिथे बद्द. अंधार होईपर्यंत ऐकत होतो. सगळीकडे टणक आवाज. तरी वहीत त्या थरापुढे खूण केली, की इथला कोर काढल्याशिवाय मी याच्याबद्दल कुणाला काही सांगणार नाही.

रात्री चहाच्या टपरीवर सुताराने विचारलं, "साहेब, तळ्यात पाणी भरल्यामुळंच हलतं म्हणतात. मग आपण भिंत मजबूत करतोय ते कशासाठी?" मी त्याला जेवढं समजलं होतं तेवढं सांगितलं. खडकातला ताण तळ्याने तयार केला नाही, तो आधीपासून होता. पण पाणी भेगांतून खोल मुरतं, दाब बदलतो आणि जो खडक कधीतरी सरकणार होता तो आता सरकतो. १९६७नंतर पाचच्या वरचे वीसहून जास्त धक्के या भागाने सोसलेत, आणि शेजारच्या वारणेचं तळं भरायला लागल्यावर तिकडेही हादरे वाढले. तळं नसतं तर काय झालं असतं, हा प्रश्न आता उरलेला नाही. तळं आहे. त्याच्याखाली कऱ्हाड आहे, सांगली आहे. तो म्हणाला, "म्हंजे ज्यानं हलवलं त्यालाच धरून ठेवायचं." मी हो म्हणालो. नंतर काही वर्षांनी कऱ्हाडजवळ भूकंप-संशोधनाची संस्था उभी राहिली आणि गोठण्याला तीन किलोमीटर खोल भोक पाडून तो खडक प्रत्यक्ष तपासला गेला, तेव्हा मला त्या सुताराची आठवण झाली.

त्या थराचा कोर निघायला दुसरा हंगाम उजाडला, कारण मध्ये २००५चा पावसाळा आला आणि त्या वर्षी कृष्णेचा पूर सांगलीत आमच्या गल्लीपर्यंत पोचला होता. २००६च्या मे महिन्यात, काम आवरत आलेलं असताना, ड्रिलिंगवाल्यांनी मी खूण केलेल्या जागी मशीन लावलं. नळी बाहेर ओढली, हलकेच आडवी करून ठोकली. कोर अखंड निघाला. धुतल्यावर रंगातला फरक दिसला, इकडे जुन्याचा तांबूस राखी, तिकडे नव्याचा फिकट. मध्ये वेडीवाकडी रेघ, खडीला वळसे घालत गेलेली. मावशी जवळच होत्या. त्यांनी ओंजळीत घ्यावा तसा तो कोर धरला, डोळे मिटून त्यावर अंगठा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला, पुन्हा मागे आणला.

"कुठंय सांधा?" त्यांनी विचारलं.

मी बोट ठेवून दाखवला. प्रयोगशाळेत तो ओढून तोडला तेव्हा जुन्या बाजूला, एका दगडाच्या कडेने तुटला. पण ते पुढच्या आठवड्यात. त्या दिवशी आम्ही पेटीत त्याला गवताचं मऊ अंथरूण दिलं, झाकणावर रंगाने थराचा नंबर घातला आणि मी शटरिंगच्या उरलेल्या पाट्या मोजायला खाली उतरलो. ढग घाटावर आले होते आणि सांडवा मोकळा करायला दहा दिवस उरले होते.